पाऱ्याच्या भीतीने ताटातला मासा काढू नकोस

चिरंजीव,

सप्रेम आशीर्वाद. तुझा आहारतक्ता वाचला. मासे आवडीने खाणाऱ्या गरोदर बाईच्या ताटातून तू समुद्री मासे पार काढून टाकलेस आणि त्या जागी ओमेगा-3ची कॅप्सूल लिहिलीस. पाऱ्याची धास्ती वाटली असणार. ती अनाठायी नाही. जपानमध्ये मिनामाता इथे कारखान्याच्या सांडपाण्यातला मिथिलमर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं एक विषारी रूप, मासे-शिंपल्यांतून माणसांच्या पोटात गेला. 1956 मध्ये त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. आईला फारसा त्रास नसतानाही काही बाळं मेंदूला इजा होऊन जन्माला आली. आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायलाच हवं.

पण पारा सगळ्या माशांत सारखा नसतो. मोठा मासा लहानाला खातो, वर्षानुवर्षं जगतो, आणि त्याच्या अंगात पारा साठत जातो. म्हणून शार्क, तलवार मासा, मार्लिन, बिगआय ट्यूना गरोदरपणात पूर्ण वर्ज्य. हा पारा स्नायूंतल्या प्रथिनांना चिकटलेला असतो. धुऊन, कातडी काढून किंवा शिजवून तो जात नाही, त्यामुळे ‘नीट शिजवा म्हणजे झालं’ असं कुणाला सांगू नकोस.

तारलीसारखा छोटा मासा मात्र थोडंच जगतो, त्याच्यात पारा कमी आणि ईपीए, डीएचए ही ओमेगा-3 मेदाम्लं भरपूर. डीएचए बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांच्या पडद्याला लागतं. जवस-अक्रोडातल्या ओमेगा-3पासून शरीर ते बनवतं, पण अगदी थोडं. खरं तर माशातलं डीएचएही मुळात सूक्ष्म शेवाळातून आलेलं असतं, म्हणून शाकाहारी बाईला शेवाळाच्या तेलाची कॅप्सूल जरूर सुचव. जी मासे खाते तिला कॅप्सूलवर का ठेवायचं? 100 ग्रॅम माशातून साधारण 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं मिळतात, शिवाय बी-12, सेलेनियम, आयोडीन. तेलकट माशात ड जीवनसत्त्वही असतं, आणि ते निसर्गतः फार थोड्या पदार्थांत सापडतं. मऊ काट्यांसकट खाल्लेल्या लहान माशातून कॅल्शियम मिळतं ते वेगळंच. कॅप्सूलमध्ये यातलं बहुतेक काहीच नसतं. आणि तेल लिहून देताना कॉड लिव्हर ऑइल चुकूनही लिहू नकोस. त्यात अ जीवनसत्त्व फार असतं, आणि त्याचा अतिरेक गर्भाला घातक ठरतो.

अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन गरोदर बायकांना कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला 8 ते 12 औंस, म्हणजे साधारण 225 ते 340 ग्रॅम, खायला सांगतं. दोन-तीन वेळांत ते सहज बसतं. मासा पूर्ण शिजलेला हवा, कच्चा नको. रोज तळलेलाही नको.

आणखी एक. पूर्वी मासा खाऊन अंगावर लाली आली होती, असं ती म्हणाली तर लगेच ॲलर्जीचा शिक्का मारू नकोस. बांगडा, ट्यूना यांसारखे मासे थंड न ठेवता राहिले की त्यांत हिस्टामिन नावाचं रसायन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही आणि लक्षणं ॲलर्जीसारखीच दिसतात. कोणता मासा होता, कसा ठेवला होता, सोबत खाणाऱ्यांनाही त्रास झाला का, हे विचार, आणि शंका उरली तर डॉक्टरांकडून तपासून घे. मग तक्ता नव्याने लिही आणि तिला देण्याआधी मला दाखव.

तुझे,
सर