वाचक विचारतात : २६ जानेवारीच्या निबंधात ग्रामसभा बसते का?

या वेळी पत्रं भरपूर आलीत, त्यातली निम्मी रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल आहेत आणि त्यांना आमच्याकडे काही उत्तर नाही, सॉरी. उरलेल्यांतलं एक मात्र असं निघालं की जवळजवळ सगळी जागा त्यालाच दिली.

प्रश्न : मी बारावीत आहे, डिचोली तालुक्यात राहते. २६ जानेवारीसाठी आमच्या हायर सेकंडरीत निबंध स्पर्धा होती, विषय 'माझ्यासाठी लोकशाहीचा अर्थ'. मी अगदी मनापासून लिहिला. सुरुवात सगळे करतात तशीच, लोकांनी लोकांसाठी चालवलेलं लोकांचं राज्य, मग घटना, बाबासाहेब, तिरंगा वर जाताना अंगावर काटा येतो तेपण लिहिलं कारण मला खरंच येतो. पण मधे एक परिच्छेद आमच्या गावच्या ग्रामसभेचा होता. गेल्या वर्षी आईबरोबर गेले होते, शेजारची काकी कचऱ्याच्या शेडबद्दल विचारत होती, तिसऱ्या प्रश्नाला माइक बंद झाला, तरी ती खाली बसली नाही, तशीच मोठ्याने विचारत राहिली, मला ते जाम भारी वाटलं. टीचरनी तो परिच्छेद लाल पेनाने काट मारून काढला, म्हणाल्या प्रजासत्ताक दिनाला असलं रडगाणं नको. घरी आजोबांना दाखवला तर ते हसले, म्हणे कसली लोकशाही गो, आम्ही ६७ साली फुलाला मत घातलं आणि हरलो, तेव्हापासून बघतोय. आता मला कळेना टीचर बरोबर, आजोबा बरोबर की मी? देशप्रेम आणि तक्रार एका निबंधात बसतात का? (निबंध सोबत जोडलाय.)

उत्तर : बाय, निबंध दोनदा वाचला. खरं सांगू का, पहिली दीड पानं तुझ्या वर्गातल्या कुणाचीही असू शकली असती, ते लोकांनी लोकांसाठी तर आम्ही शाळेत होतो तेव्हाही पहिल्या ओळीत असायचं. तिरंग्याचा काटा राहू दे, खरा आहे ना मग लाजायचं कशाला. पण काकीचा परिच्छेद फक्त तूच लिहू शकली असतीस, कारण तिथे तू होतीस, आणि नेमका तोच लाल पेनात गेला.

टीचरवर चिडू नकोस, त्यांनाही वरून कुणीतरी बघत असतं. पण रडगाणं हा शब्द मला खटकला. कारण आपल्या गोव्याचा स्वातंत्र्यलढा उभा राहिला तोच मुळी 'आम्हाला बोलायला देत नाहीत' या रडगाण्यावर. १९४६ च्या जूनमध्ये डॉ. राममनोहर लोहिया असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी आले ते खरं म्हणजे विश्रांतीसाठी, तब्येत बरी नव्हती. तिथे लोक येऊन काय सांगायला लागले? तर परवानगीशिवाय सभा घेता येत नाही, छापता येत नाही, लग्नाची पत्रिकासुद्धा आधी सेन्सॉरला दाखवावी लागते. आता विचार कर, पोरीच्या लग्नाची पत्रिका आणि त्याच्यावर पाखल्याची, म्हणजे पोर्तुगिजाची, सही! मग १८ जूनला मडगावला सभा झाली, पाऊस, माणसं लोटलेली, पोर्तुगीज अधिकाऱ्याने पिस्तूल रोखलं आणि लोहियांनी त्याचा हात सरळ बाजूला सारला. आज आपण त्याला क्रांतिदिन म्हणतो आणि त्या जागेला लोहिया मैदान. त्या दिवसाची मागणी होती बोलायचं आणि सभा भरवायचं स्वातंत्र्य. थोडक्यात काय, माइक चालू ठेवा ही मागणी होती (माइक मिळाला असता तर).

त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना पकडलं, लष्करी कोर्टापुढे उभं केलं, ८ वर्षांची शिक्षा आणि रवानगी थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात. त्यांचा गुन्हा काय, तर सरकारला आवडत नाही ते बोलणं. मोहन रानडे तर गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला तरी पोर्तुगालच्या तुरुंगातच होते, सुटले १९६९ मध्ये. म्हणजे ज्या मोकळेपणासाठी ते आत गेले तो आपण ७ वर्षं वापरत होतो आणि ते आतच. तुझ्या निबंधात हे कुणीच नाही, नुसतं 'अनेकांनी बलिदान दिले' असं एक वाक्य आहे. पुढच्या वेळी एकाचं तरी नाव घाल गो, वाक्याला वजन येतं.

आणि एक गंमत बघ, तू लिहिलंयस '२६ जानेवारी १९५० ला आपण सर्व प्रजासत्ताक झालो'. आपण सर्व नाही. त्या दिवशी गोव्यात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचंच राज्य होतं, आपला पहिला प्रजासत्ताक दिन १९६२ चा. देशाने १९५२ ला मत दिलं, ५७ ला दिलं, ६२ ला दिलं, आपल्या आजी-आजोबांना विधानसभेसाठी पहिल्यांदा मत द्यायला मिळालं ते ९ डिसेंबर १९६३ ला. म्हणून इथल्या म्हाताऱ्या माणसांना मतदानाचं जे अप्रूप आहे ना, सकाळी सातला नवी साडी नेसून रांगेत, ते उगीच नाही.

कुणी शहाणा तुला सांगेल की गोव्यात लोकशाही फार जुनी, गावकारी होती, कोमुनिदाद होती, गाव मिळून निर्णय घ्यायचा. घ्यायचा खरा, पण त्यात बसायचे फक्त गावकारांच्या घराण्यातले पुरुष. तुझी काकी तिथे उभी राहिली असती का? तिचा नवरा तरी? दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्या मुंडकाराला तर विचारायचा प्रश्नच नव्हता. १९६३ मध्ये काय झालं तर भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, एक मत आणि त्याच्याच भाटात झोपडी बांधून राहणाऱ्या मुंडकाराचंही एकच, आणि मुंडकार संख्येने जास्त! झालं, मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) निवडून आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री. आणि लगेच १९६४ ला कूळ कायदा आला. मुंडकारांचा यायला मात्र १९७५ उजाडलं. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये घटना समितीत बजावलं होतं की राजकारणात सगळे सारखे आणि समाजात, पैशात विषमता, हा विरोध फार दिवस ठेवता येणार नाही. ते भाषण तू 'बाबासाहेबांचे महान विचार' म्हणून एका ओळीत उडवलंयस. त्याला आपल्याकडचं उदाहरण भाटकार-मुंडकाराचं आहे, घरातच विचार, तुमच्याही घरी कुणीतरी कुठल्यातरी बाजूला असणारच.

आता आजोबा. त्यांचं दुखणं मला चांगलं कळतं कारण आमच्या घरीपण फूलच होतं. तुझ्या पिढीला माहीत नसेल म्हणून सांगतो, १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा तर फूल आणि संघप्रदेश म्हणून वेगळा ठेवायचा तर दोन पानं. भाऊसाहेब स्वतः विलीनीकरणाच्या बाजूचे, पण खुर्चीवर बसून कौल घेतला तर तो कुणाला पटणार, म्हणून विरोधकांनी राजीनाम्याची मागणी लावून धरली आणि सरकार आधीच पायउतार झालं. दुसऱ्या बाजूला युनायटेड गोवन्स पक्षाचे डॉ. जॅक सिक्वेरा. घराघरात भांडणं, भावाभावांत अबोला. आणि गंमत म्हणजे मराठीच्या नावाने चाललेलं हे भांडण दोन्हीकडून मराठीतच, 'गोमन्तक' फुलाच्या बाजूने लिहायचा आणि 'राष्ट्रमत' पानांच्या, त्यात उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' सदर. आमचे बाबा 'राष्ट्रमत' शिव्या देत वाचायचे, पण वाचायचे.

निकाल काय लागला, दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. म्हणजे ३४,०२१ मतांनी आम्ही हरलो. बाबा सांगायचे त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

आता आजोबांना पुढचं विचार. दोन-अडीच महिन्यांनी, त्याच मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि जो पक्ष कौल हरला तोच ३० पैकी १६ जागा घेऊन परत निवडून आला. भाऊसाहेब परत मुख्यमंत्री! म्हणजे त्याच लोकांनी एका प्रश्नावर सांगितलं, भाऊ, हे आम्हाला नको, आणि दुसऱ्या प्रश्नावर सांगितलं, पण सरकार तुम्हीच चालवा. आणि हरलेल्यांना कुणी पेनिशला पाठवलं नाही. आमचे बाबा पुढे अख्खं आयुष्य चावडीवर बसून विलीनीकरण कसं बरोबर होतं ते सांगत राहिले, समोर दोन पानांवाले ऐकायला, चहा एकाच किटलीतला. १९८७ ला गोवा घटक राज्य झाला तेव्हा मात्र तेच बाबा पेढे घेऊन आले, का ते विचारायची आमची टाप नव्हती.

तर मला वाटतं लोकशाही कळते ती हरलेल्या माणसाकडे बघून. जिंकलेल्याला तर सालाझारच्या राज्यातही काही कमी नव्हतं. तुझे आजोबा हरले आणि साठेक वर्षं झाली तरी नातीसमोर कसली लोकशाही म्हणून हसतायत, कुणाला न घाबरता. काकीचंही तेच, शेड हटली का ते तू लिहिलं नाहीस, बहुतेक नसेल हटली. पण ती परत पुढच्या ग्रामसभेला जाणार ना? अशाच चिवट काक्या-मामांनी आणि ग्रामसभांमधल्या ठरावांनी २००७ च्या सुरुवातीला सरकारला रीजनल प्लॅन २०११ (कुठली जमीन कशाला वापरायची त्याचा आराखडा) मागे घ्यायला लावला आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी एसईझेड, म्हणजे उद्योगांसाठीची खास आर्थिक क्षेत्रं, तीही गेली. माइक तेव्हाही बंद पडायचे.

म्हणून बसतं, एका निबंधात आरामात बसतं. उलट मी तर म्हणेन काकीपासूनच सुरुवात कर आणि तिरंगा नंतर आण. बक्षीस मिळेल का, ते मला नको विचारूस. आजोबांना मात्र एक विचार, मार्च ६७ ला मत कुणाला घातलं? आणि आम्हाला कळव.

प्रश्न : आम्ही मत देतो एकाला आणि तो उडी मारतो दुसरीकडे. अशा आमदाराला परत बोलवायचा हक्क आम्हाला का नाही? (वाचक, म्हापसा)

उत्तर : नाही खरंच. आपल्या देशात आमदार-खासदाराला मधेच परत बोलवायची सोय कायद्यातच नाही. पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा, त्यात आधी एक तृतीयांश फुटले तरी चालायचं, २००३ मध्ये ती पळवाट बंद केली, पण दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीनीकरण केलं तर चालतं ही उरली. मोठ्या राज्यात दोन तृतीयांश म्हणजे पन्नास-शंभर माणसं जमवावी लागतात, आपल्याकडे सभागृहच ४० चं. २०१९ ला एका पक्षाचे १५ पैकी १० गेले. २०२२ ला त्याच पक्षाने निवडणुकीआधी उमेदवारांना देवळात, क्रॉसापुढे आणि दर्ग्यात नेऊन शपथा घ्यायला लावल्या, आणि त्याच सप्टेंबरात ११ पैकी ८ गेले. ११ चे दोन तृतीयांश किती होतात? सात पूर्णांक काहीतरी, म्हणजे ८. हिशेब पक्का होता, देवाचं काय ते देव बघेल. तुमच्या हातात पाच वर्षांनी एक बटण आहे, आणि मधल्या काळात त्यांच्या घरासमोरून जाताना विचारायचं तोंड.

प्रश्न : मी १७ पूर्ण केली, मतदार यादीत नाव आत्ता घालता येतं का? आणि भाषणासाठी पाहिजे, मतदानाच्या बाबतीत गोवा कशात पहिला आहे का? (विद्यार्थी, फोंडा)

उत्तर : येतं. १७ पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो, फॉर्म ६, ऑनलाइन किंवा तुमच्या भागातल्या बीएलओकडे (मतदार यादीचं काम बघणारा अधिकारी). पूर्वी फक्त १ जानेवारी ही तारीख धरायचे, आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरही धरतात, ज्या तारखेला १८ पूर्ण असतील तिथून नाव लागतं. १९८९ च्या आधी २१ पर्यंत थांबावं लागायचं, म्हणजे तुझी आई-बाबांपेक्षा मजा आहे. भाषणासाठी दोन गोष्टी घे, १९९९ ला अख्ख्या राज्याची निवडणूक ईव्हीएमवर झाली ती गोव्यात, आणि २०१७ ला सगळ्या मतदारसंघांत व्हीव्हीपॅट (मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं यंत्र) लावणारं पहिलं राज्यही गोवाच. चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद दिसते, पहिल्यांदा जाशील तेव्हा घाई करू नकोस, बघून ये. आणि यादीत नाव लागलं की गावच्या ग्रामसभेचाही तू सभासद, ती जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरात एखाद्या रविवारी असते, नोटीस पंचायतीच्या बोर्डावर लागते.