रिकाम्या गाडीचा सौदा करू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

इंदूरच्या देवास नाक्यावर पाहिलेला २०१८चा सतरा फुटी आयशर ट्रक, ती जुनी गाडी घ्यावी, की बरेच जास्त पैसे मोजून २०२१ची घ्यावी, या पेचात तू आहेस. दलाल एक सांगतो, मिस्त्री दुसरेच सांगतो, आणि वडिलांनी निर्णय तुझ्यावर सोपवला आहे. दोन्ही गाड्यांचे टायर, केबिन, रंग, किंमत असे सगळे तू बारकाईने लिहिले आहेस. पण त्यांतली एकही गाडी माल भरून चालवल्याचा उल्लेख पत्रात नाही, याचे मला वाईट वाटले. रिकामी गाडी चांगलीच चालते. क्लच, पाटे (चाकांवरच्या पानपट्ट्यांच्या स्प्रिंगा), ब्रेक, इंजिन यांची खरी अवस्था ओझे पडल्यावरच कळते, म्हणून गाडी भरून पाहा.

तू म्हणशील, आमचा माल नमकीनचा, त्याला वजन ते किती? जाताना खरेच नाही. खोक्यांनी हौदा, म्हणजे माल भरायचा भाग, काठोकाठ भरला तरी पाट्यांवर फारसा भार येत नाही. पण परतीला तू डाळीची पोती आणणार आहेस. तेव्हा परीक्षा डाळीच्या वजनाने घ्यायची, नमकीनच्या नव्हे.

आधी रिकामी गाडी धर्मकाट्यावर, म्हणजे अख्खी गाडी तोलणाऱ्या काट्यावर, चढव. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) रिकाम्या गाडीचे वजन आणि भरल्या गाडीचे कमाल वजन, दोन्ही लिहिलेली असतात. आधीच्या मालकाने हौद्याला लोखंड वाढवले असेल, तर काट्यावरचा आकडा आरसीपेक्षा जास्त येईल, आणि जितके लोखंड वाढले तितकी डाळ तुला कायद्याने कमी भरावी लागेल. मग आरसीच्या मर्यादेत पोती भर, गाडी सपाट जागी उभी कर आणि मागे उभी राहून पाहा. हौदा एका बाजूला कलला असेल, तर त्या बाजूचे पाटे थकले आहेत किंवा एखादे पान तुटले आहे. मिस्त्रीला खाली वाकून चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर), विशेषतः पाटे जिथे टांगलेले असतात त्या हँगरजवळ, वेल्डिंगच्या खुणा शोधायला सांग; ताज्या काळ्या रंगाखाली त्या हमखास दडवलेल्या असतात.

त्यानंतर खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे भेरू घाट उतरून परत चढून ये. चढावर इंजिनाचा आवाज वाढत जातो आणि वेग मात्र वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर पुढे मालकाचे काहीही ऐकू नकोस. इंजिन तापल्यावरही निळा धूर येत असेल, तर ते तेल जाळते आहे. उताराच्या टप्प्यानंतर सुरक्षित जागी थांबून प्रत्येक चाकाच्या हबजवळ हाताची पाठ ने. एकच हब बाकीच्यांपेक्षा फार तापलेला असेल, तर त्या चाकाचा ब्रेक धरून राहतो आहे किंवा बेअरिंग गेले आहे. इंजिन बंद करून हवेच्या दाबाचा काटा पाहा आणि कान देऊन ऐक. फुसफुस ऐकू आली आणि काटा भराभर उतरला, तर ब्रेकची हवा गळते आहे. यातले किती देवास नाक्यावरच्या रिकाम्या फेरीत कळले असते?

२०२१ची गाडी बीएस-६ आहे. धुराची ही मानके १ एप्रिल २०२०पासून लागू झाली. अशा गाडीत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असेल, तर सियागंज बाजाराच्या गर्दीतल्या छोट्या, संथ फेऱ्यांत ती तुंबते, कारण काजळी जळण्याइतका धूर तापतच नाही. तुझा बराचसा धंदा शहरातलाच असेल, तर निव्वळ नव्या मॉडेलच्या मोहाने ती घेऊ नकोस.

कागदांचेही तेच. फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला), विमा, परमिट चालू नसेल तर मालक भरलेली गाडी रस्त्यावर काढायला धजणार नाही, म्हणजे तुझ्या एका मागणीत कागदही तपासले जातील. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नकोस. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावा लागतो. जुनी गाडी घेताना हा खर्च हिशेबात धर. तुमच्या चालकाचा हलक्या वाहनाचा परवाना ७,५०० किलो एकूण वजनापर्यंतच चालतो, हेही पाहून घे.

लोक मला हट्टी म्हणतात. पूर्वी एक गाडी मी याच कारणाने सोडली. मालक भरून द्यायला तयार नव्हता. ती दुसऱ्याने घेतली, माझ्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षे चालवली, आणि माझा तो सगळा हंगाम भाड्याच्या गाड्यांत गेला. त्या नुकसानीची बोच अजून आहे, आणि घरात तो विषय अजून निघतो. तरीही मी आज तीच गाडी पुन्हा सोडेन. ती चांगली निघेल हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हते, घेणाऱ्यालाही नाही, आणि घरचे दागिने गहाण टाकून उभा केलेला पैसा मी नशिबावर लावणार नव्हतो. तुझ्या वडिलांचा पैसाही तसाच आहे. "भरून कोण देतो हो?" असे दलाल हसून म्हणेल. देणारे देतात, हमाली आणि डिझेल मी देईन असे सांग, त्यांचा मिस्त्री सोबत बसू दे, पण मागणी सोडू नकोस.

दोन्ही मालकांना उद्याच फोन कर. जो हो म्हणेल त्याची वेळ मला कळव. पोत्यांची आणि काट्याची व्यवस्था मी करून ठेवतो.

तुझा,
काका