लिंकनचा पक्ष आणि दक्षिणेची मते : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेतले दोन मोठे पक्ष आणि तिथला काळ्या-गोऱ्यांचा प्रश्न यावर वाचकांची बरीच पत्रे आली. बहुतेकांचा रोख एकच : गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला आज कृष्णवर्णीय मत का देत नाहीत? सारख्या प्रश्नांची मोळी बांधून, निवडक प्रश्नांना उत्तरे देतो.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्या वेळी तिथे राज्य कोणाचे होते आणि सुटलेल्या गुलामांचे पुढे झाले काय? – सातारा

राष्ट्राध्यक्ष होते युलिसिस ग्रँट, रिपब्लिकन. हा पक्ष १८५४ मध्ये जन्मला तोच मुळी गुलामगिरी पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही या मुद्द्यावर. यादवी युद्धानंतर त्यानेच तीन घटनादुरुस्त्या करवून घेतल्या. १८६५ मध्ये गुलामगिरी बंद झाली, १८६८ मध्ये नागरिकत्व आले आणि १८७० मध्ये वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई झाली. त्याच १८७० मध्ये मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर म्हणून बसले. पुण्यात बसून जोतिरावांना जे दिसले, ते काही भाबडेपणाचे नव्हते.

पण १८७३ च्याच ईस्टरच्या रविवारी, १३ एप्रिलला, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी काय घडले पाहा. राज्याच्या निवडणुकीचा निकाल वादात अडकला होता. तिथल्या कोर्टाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हल्ला केला आणि शरण आलेल्यांनाही मारले. मृतांचा आकडा ६० ते १५० च्या दरम्यान धरला जातो. शिक्षा झाली तिघांना. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तेही सुटले.

त्याच वर्षीची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लटकली. पंधरा जणांच्या आयोगाने आठ विरुद्ध सात असा निर्णय दिला आणि रिपब्लिकन हेज १८५ विरुद्ध १८४ मतांनी अध्यक्ष झाले. पाठोपाठ दक्षिणेतल्या सरकारांना आधार देणारे केंद्राचे सैन्य बाजूला झाले. रिपब्लिकनांनी खुर्ची राखली आणि दक्षिण डेमोक्रॅट्सना, म्हणजे तिथल्या गोऱ्यांच्या पक्षाला, सोडून दिली. यापेक्षा सौम्य शब्दांत हे सांगता येत नाही.

कृष्णवर्णीयांचे मत काढून घेण्याचे पुढचे काम कागदावर झाले. १८९८ मध्ये लुइझियानाने मतदाराला साक्षरतेची किंवा मालमत्तेची अट घातली. मात्र १ जानेवारी १८६७ रोजी ज्याला स्वतःला, बापाला किंवा आजाला मताधिकार होता, त्याला ती माफ. त्या तारखेला लुइझियानात कोणत्याही कृष्णवर्णीयाला मत नव्हते. कायद्यात ‘काळा’ हा शब्द कुठेच नाही, कारण पंधराव्या दुरुस्तीने तशी सोय ठेवलेली नव्हती. राज्यातले नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार १८९६ मध्ये १,३०,३३४ होते. १९०४ मध्ये उरले १,३४२.

माझा मुलगा टेक्सासात असतो. तो म्हणतो, १९६४ चा नागरी हक्क कायदा डेमोक्रॅट्सपेक्षा रिपब्लिकनांच्या पाठिंब्यावर पास झाला. खरे का? – नाशिक

मुलगा सांगतो ते खरे आहे, पण पुरते नाही. वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या या कायद्यावर सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, ७३ विरुद्ध २७ असे मतदान झाले. डेमोक्रॅट्स ४६ बाजूने, २१ विरोधात. रिपब्लिकन २७ बाजूने, ६ विरोधात. म्हणजे पाठिंबा अनुक्रमे सुमारे ६९ आणि ८२ टक्के.

आता हीच मते पक्षाऐवजी प्रदेशाने मोजा. यादवीत फुटून निघालेल्या अकरा राज्यांतल्या डेमोक्रॅट्सपैकी बाजूने एक, विरोधात वीस. तिथला एकुलता एक रिपब्लिकन, तोही विरोधात. बाकीच्या देशात डेमोक्रॅट्स ४५ विरुद्ध १ आणि रिपब्लिकन २७ विरुद्ध ५. दोन्ही भागांत डेमोक्रॅट्सचाच पाठिंबा जास्त भरतो, पण बेरीज केली की रिपब्लिकन पुढे! संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांना ही गंमत ओळखीची असेल. दक्षिणेतून बाजूने पडलेले ते एकमेव मत राल्फ यारबरो यांचे आणि एकुलता रिपब्लिकन म्हणजे जॉन टॉवर. दोघेही टेक्सासचेच, हे मुलाला जरूर कळवा.

एकाच पक्षाचे लोक असे उभे-आडवे कसे फुटतात, असेही काहींनी विचारले आहे. आपल्याकडे व्हिप मोडला तर सदस्यत्व जाते. तिथे तसा कायदा नाही. सिनेटर आपल्या राज्यातल्या मतदाराला भितो, पक्षाध्यक्षाला नव्हे.

खरी लढाई झाली ती नऊ दिवस आधी, १० जूनला. दक्षिणेतले सिनेटर आठवडेच्या आठवडे भाषणे करून विधेयक अडवून बसले होते. चर्चा बंद करायला ६७ मते लागत. कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट क्लेअर एंगल मेंदूच्या गाठीने आजारी होते. त्यांची वाचा गेली होती. त्यांना चाकाच्या खुर्चीवरून सभागृहात आणले. नाव पुकारल्यावर तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा त्यांनी कसाबसा हात उचलून डोळ्याकडे बोट नेले. होकाराला तिथे ‘आय’ म्हणतात, डोळ्यालाही तेच. लेखनिकाने मत होकारार्थी धरले. एकूण ७१ झाली. जुलै संपायच्या आत एंगल वारले. आणि ही ७१ जमवण्यात मोठा वाटा होता रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांचा. तो नाकारण्यात काही हशील नाही.

पण विरोधातल्या सहा रिपब्लिकनांपैकी एक होते बॅरी गोल्डवॉटर, आणि त्याच वर्षी पक्षाने राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांनाच उभे केले. देशभर ते साफ आपटले. जिंकली सहा राज्ये : स्वतःचे ॲरिझोना आणि खोल दक्षिणेतली पाच. मिसिसिपीत त्यांना ८७ टक्के मते पडली. तिथल्या प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी मतदारयादीत जेमतेम सात टक्के होते, हे त्या ८७ शेजारी लिहून ठेवावे.

दोन्ही पक्षांनी भूमिकांची अदलाबदल केली, असे एक जण सांगतो. ते थोतांड आहे, असे दुसरा सांगतो. नेमके काय? – कोल्हापूर

अदलाबदल झाली, पण कुण्या एका सकाळी नव्हे. आणि दोन समाज वेगवेगळ्या वेळी हलले, हे दोघेही विसरतात.

आधी हलले उत्तरेतले कृष्णवर्णीय, तेही पोटासाठी. दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, पिट्सबर्ग गाठलेल्यांना तिथे मत देता येत होते. १९३२ मध्ये पिट्सबर्गचे वृत्तपत्र-प्रकाशक रॉबर्ट व्हॅन यांनी समाजाला सांगितले की घरी जा, लिंकनची तसबीर भिंतीकडे तोंड करून फिरवा, ते ऋण फिटले. त्या वर्षी फारसे कोणी ऐकले नाही. मंदीतली सरकारी कामे हाताला मिळाल्यावर, १९३६ मध्ये, मोठ्या बहुमताने ती मते डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे गेली. याच रूझवेल्टांच्या १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळलेले होते. दक्षिणेत कृष्णवर्णीय मुख्यतः हीच कामे करत. तरीही मते गेली, कारण समोरच्या पक्षाकडून तेवढेही मिळत नव्हते.

मग गोरी दक्षिण. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नागरी हक्कांचा विषय काढताच १९४८ मध्ये त्यांच्याच पक्षाचे दक्षिणेतले नेते स्ट्रॉम थरमंड यांनी वेगळी चूल मांडली आणि चार राज्ये जिंकली. १९६४ मध्ये ते रिपब्लिकन झाले. मात्र नागरी हक्क कायद्याला विरोध करणाऱ्या २१ डेमोक्रॅट सिनेटरांपैकी पक्ष सोडून रिपब्लिकनांत गेलेले एकटे तेच. म्हणून ‘थोतांड’ म्हणणाऱ्यांना बळ मिळते. पण नेते राहिले म्हणून मतदार थोडाच राहतो? १९६८ मध्ये वर्णभेदाचे उघड समर्थक जॉर्ज वॉलेस तिसरे उमेदवार म्हणून दक्षिणेतली पाच राज्ये घेऊन गेले आणि निवडून आलेले रिपब्लिकन निक्सन यांनी त्या मतदाराकडे डोळा ठेवूनच पुढचे राजकारण केले. २००५ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष केन मेहलमन यांनी, वर्णाच्या फुटीतून राजकीय फायदा उपटण्याचा प्रयत्न आमच्यातल्या काहींनी केला, ही चूक होती, असे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या सर्वात जुन्या राष्ट्रीय संघटनेसमोर कबूल केले. पक्षाने स्वतःच दिलेली कबुली थोतांड कशी म्हणायची?

उलट बाजूचेही सांगतो. १९७६ मध्ये जॉर्जियाच्या जिमी कार्टर यांनी जवळजवळ सगळी दक्षिण डेमोक्रॅट्सना परत मिळवून दिली. जॉर्जियात रिपब्लिकन गव्हर्नर निवडून आला २००२ मध्ये, अलाबामाचे विधिमंडळ हातचे गेले २०१० मध्ये. एवढ्या संथ बदलाला वर्ण हे एकच कारण पुरत नाही. नवी उपनगरे, कारखाने, चर्चची ओढ हेही त्यात आहे. माझ्या मते वर्णाने दार उघडले, आणि आत शिरायला बाकीच्या कारणांना वाट मिळाली.

कू क्लक्स क्लान ही डेमोक्रॅट्सचीच संघटना होती ना? – नागपूर

यादवीनंतरच्या दक्षिणेत, होय. गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणारी ही गुप्त संघटना त्या पक्षाची दंडेली करणारी फौजच होती. १९२० च्या दशकात मात्र ती उत्तरेतही पसरली आणि इंडियाना राज्यात तिने रिपब्लिकन पक्षच ताब्यात घेतला होता.

आपल्या दलित पँथरने नाव घेतले तो ‘ब्लॅक पँथर’ निवडणूक लढवणारा पक्ष होता का? – छत्रपती संभाजीनगर

कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड शहरातला १९६६ चा पक्ष सगळ्यांना माहीत असतो. पण तो काळा चित्ता आधी निवडणूक चिन्ह होता, ही गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल.

अलाबामातल्या लाउंड्स काउंटीत पाचांपैकी चार माणसे कृष्णवर्णीय. १९६५ उजाडले तेव्हा मतदारयादीत त्यांच्यातला एकही नव्हता. त्या ऑगस्टात मताधिकार कायदा आला, नोंदणी सुरू झाली, आणि स्थानिक डेमोक्रॅट्सनी उमेदवारी अर्जाची फी ५० डॉलरवरून ५०० केली. मतपत्रिकेवर त्या पक्षाचे चिन्ह होते पांढरा कोंबडा, आणि त्याच्यासोबत ‘गोऱ्यांचे वर्चस्व’ अशी चक्क छापील घोषणा. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन वॉशिंग्टनमध्ये मताधिकार कायद्यावर सही करत होते तेव्हा त्यांच्याच पक्षाचे अलाबामातले बोधवाक्य हे होते! १९६६ मध्ये ते काढले गेले.

स्थानिक कार्यकर्ते जॉन ह्युलेट, नागरी हक्क चळवळीतले स्टोकली कारमायकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वेगळा पक्ष काढला. लिहिता-वाचता न येणारे मतदार बरेच, त्यामुळे चिन्ह आवश्यकच होते. त्यांनी झेप घेणारा काळा पँथर निवडला. नोव्हेंबर १९६६ मध्ये त्यांचे सगळे उमेदवार पडले. चिन्ह मात्र कॅलिफोर्नियात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी उचलले, आणि सहा वर्षांनी ते नाव मुंबईत पोचले. ह्युलेट १९७० मध्ये त्याच काउंटीचे शेरीफ झाले.

डेट्रॉइटमधून मराठी माणूस अमेरिकन काँग्रेसवर गेला, तर त्यावर तिथे नाराजी का? – डोंबिवली

बेळगावकडचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेमोक्रॅट म्हणून निवडून आले. डेट्रॉइटच्या चारांतले तीन रहिवासी कृष्णवर्णीय, आणि १९५५ पासून शहराचा एक तरी प्रतिनिधी कृष्णवर्णीय असे. जॉन कॉन्यर्स यांनी तर पन्नासहून अधिक वर्षे तिथून काम केले. बसमधली जागा गोऱ्याला द्यायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स त्यांच्याच कार्यालयात नोकरीला होत्या. २०२२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत उमेदवारांची गर्दी झाली, मते फाटली, आणि स्वतःचे लाखो डॉलर ओतणारे ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर पहिले आले. जवळपास सत्तर वर्षांची परंपरा तुटली. नाराजी त्या गणितावर आहे. मराठी म्हणून कोणी डूख धरलेला नाही.

दुसरी एक बाजू आपल्याकडे क्वचितच बोलली जाते. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय ‘गोरे’ नाहीत, म्हणून नागरिकत्वास अपात्र, असा निकाल दिला होता. १९४६ मध्ये दार किलकिले झाले ते वर्षाला शंभर भारतीयांपुरते. ते उघडले १९६५ च्या ऑक्टोबरात, मताधिकार कायद्यानंतर दोन महिन्यांनी. कृष्णवर्णीयांच्या चळवळीने वर्णावर आधारलेले कायदे लाजिरवाणे करून ठेवले नसते, तर तो स्थलांतर कायदा तेव्हा आला असता असे मला वाटत नाही. ठाणेदारांसह आपले बहुतेक लोक तिथे गेले ते त्यानंतरच. सिनेटमध्ये तो ७६ विरुद्ध १८ मतांनी मंजूर झाला, आणि विरोध करणाऱ्यांत पुन्हा दक्षिणेतले डेमोक्रॅट्सच सर्वाधिक होते.