‘गुड समॅरिटन’मधला समॅरिटन म्हणजे नेमका कोण?

अनोळखी माणसाच्या मदतीला धावणाऱ्याला ‘गुड समॅरिटन’ म्हणतात. त्यावरून ‘समॅरिटन’चा अर्थ ‘मदत करणारा’ असा अनेकजण धरतात, पण तो अर्थ नंतर चिकटलेला. मुळात हे एका समाजाचं नाव. हा समाज आजही आहे, जेमतेम आठ-नऊशे लोकांचा. काही जण पॅलेस्टाईनच्या वेस्ट बँकमधल्या नाब्लुसजवळच्या गरिज्जीम डोंगरावर राहतात, बाकीचे इस्राएलमधल्या तेल अवीवजवळच्या होलोनमध्ये.

शब्द आला शहराच्या नावावरून. बायबल सांगतं की इस्राएलचा राजा अम्री याने शेमेर नावाच्या माणसाकडून दोन किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदीला एक टेकडी विकत घेतली, तिच्यावर राजधानी वसवली आणि मूळ मालकावरून तिचं नाव शोमरोन ठेवलं. हा काळ इ.स.पू. नवव्या शतकाचा. ग्रीकमध्ये ‘श’ नाही, म्हणून शोमरोनचं झालं ‘सामारेया’, तिथला माणूस ‘सामारितेस’. पुढे लॅटिनमधून तोच शब्द इंग्रजीत गेला. मराठी बायबलने मात्र हिब्रूचा ‘श’ राखला. तिथे तुम्हाला ‘शोमरोनी’ सापडेल. समॅरिटन स्वतःला ‘शामेरीम’ म्हणवतात, म्हणजे तोरा (मोशेचं धर्मशास्त्र) राखणारे. त्यांना शहरावरून आलेली ओळख मान्य नाही.

यहुद्यांशी त्यांचं वैर जुनं. इ.स.पू. ७२२च्या सुमारास अश्शूरी सैन्याने शोमरोन घेतलं, लोकांना हद्दपार केलं आणि बाहेरची माणसं आणून वसवली. समॅरिटन हे त्या बाहेरच्यांचेच वंशज, असं यहुदी परंपरा म्हणते. आम्ही इस्राएलच्याच एफ्राईम आणि मनश्शे या वंशांचे, असं समॅरिटन स्वतः म्हणतात. अश्शूरी राजा दुसरा सार्गोन याच्या शिलालेखात हद्दपारीचा आकडा २७ हजारांच्या आसपास आहे. म्हणजे बरेच लोक मागे राहिले असणार, त्यामुळे मला समॅरिटनांचा दावा अगदीच पोकळ वाटत नाही. धर्मग्रंथ म्हणून ते मोशेची पाचच पुस्तकं मानतात, आणि पवित्र स्थान यरुशलेम नव्हे, गरिज्जीम. तिथलं त्यांचं मंदिर यहुद्यांचा महायाजक आणि शासक योहान हिर्कानस याने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पाडलं.

हे ठाऊक नसेल तर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला दृष्टान्त गुळमुळीत वाटतो. ‘माझा शेजारी कोण?’ असं एका शास्त्र्याने विचारल्यावर येशू तो सांगतो. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकलंय. याजक म्हणजे यहुदी पुरोहित बाजूने निघून जातो, मंदिरातला सेवक असलेला लेवीही जातो. ऐकणाऱ्यांना वाटतं, आता तिसरा येईल तो आपल्यातला साधा माणूस. येतो तो शोमरोनी! जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून तो पट्ट्या बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि मालकाला दोन दिनार देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई. शेवटी येशू विचारतो, यातला शेजारी कोण? समोरचा शास्त्री ‘शोमरोनी’ म्हणतच नाही. ‘ज्याने दया केली तो’ एवढंच म्हणतो. ‘चांगला’ हे विशेषणही मूळ मजकुरात नाही, ते नंतरच्या वाचकांनी लावलं.

भारतात हा शब्द आता कायद्यातही आहे. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. अपघातग्रस्ताला सद्भावनेने, स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणारा तो ‘गुड समॅरिटन’. मदत करताना हयगय होऊन जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तरी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता द्यायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही, हेही त्यानेच ठरवायचं.