स्टँडवरची सिगरेट आणि माझा हक्क

प्रश्न: मी रोज एसटीने अपडाऊन करतो, दिवसाला चार-पाच सिगरेटी होतात. परवा स्टँडवर बाकाशेजारी पेटवली तर एक ताई लेकराच्या तोंडावर पदर धरून माझ्यावर खेकसल्या. पैसे माझे, फुफ्फुसं माझी, मग बाकीच्यांना काय प्रॉब्लेम? आणि उघड्यावर पण बंदी आहे का?

उत्तर: दादा, फुफ्फुसं तुमची हे मान्य, पण धूर तुमच्यापुरता राहत नाही ना, त्या ताईंनी पदर का धरला ते बघा की. आणि हो, बस स्टँड, स्टॉप उघडे असले तरी २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांत ती सार्वजनिक जागाच आहे, २०० रुपयांपर्यंत दंड होतो. त्याच्याही आधी २००१ मध्ये मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने हाच मुद्दा धरला, की जो ओढतच नाही त्याला फक्त सार्वजनिक ठिकाणी जावं लागतं म्हणून आजार का व्हावेत, जगण्याचा हक्क त्यालाही आहेच. मला हे शंभर टक्के पटतं, कारण तुम्ही चार पावलं लांब जाऊ शकता, कडेवर लेकरू आणि हातात पिशवी घेऊन गाडीची वाट बघणारी बाई कुठे जाणार?

तुमचं स्वातंत्र्य कोणी काढून घेतलेलं नाही, सिगरेट ओढणं हा काही गुन्हा नाहीये. फक्त स्टँडच्या आवारात नको. आणि सोडायचा विचार असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे, लावून बघा, खरंच.