ऐरोलीला राहतो, मुलगी नववीत आहे, शाळेत एकदम एकटी पडलीय. तिला तिच्यासारख्या मुलीची कुठली कादंबरी देऊ? इंग्लिश चालेल.

लॉरी हॉल्स अँडरसनची 'स्पीक' द्या, पण आधी तुम्ही स्वतः वाचा. 1999 ची आहे, इंग्लिश सोपं, आणि नायिका मेलिंडा नववीतच असते. सुट्टीतल्या पार्टीत तिने पोलिसांना फोन केलेला असतो म्हणून अख्खी शाळा तिला वाळीत टाकते, आणि फोन का केला ते ती कोणालाच सांगत नाही, हळूहळू बोलणंच बंद होत जातं, फक्त चित्रकलेच्या तासाला वर्षभर एकच विषय, झाड, ते काढायची धडपड चालू असते. मी ठाण्यात एका शाळेची लायब्ररी बघते, उपदेशाची पुस्तकं गप्प मुलांना दिली की न उघडता परत येतात, हे मात्र संपवतात कारण मेलिंडा रडूबाई नाहीये, मनातल्या मनात जाम खवचट बोलते. आधी वाचा म्हटलं कारण फोनमागचं कारण बलात्कार आहे, भडक वर्णन नाही तरी मुलीला अचानक समोर यायला नको. मराठीत लोक मिलिंद बोकिलांची 'शाळा' सुचवतील, तीही नववीचीच आणि सुंदरच, पण त्यात नायक मुकुंदाला मित्रांचा कंपू आहे हो, हे एकटेपण तिथे सापडणार नाही. आणि मुलीचं खाणंझोपणं बिघडलं असेल तर पुस्तकावर थांबू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.