पीएच.डी. लपवावी की मागे सरकवावी?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: रसायनशास्त्रात एम.एस्सी. आणि त्यानंतर पीएच.डी., वय ३८, घरच्या कारणाने बडोदे सोडणे शक्य नाही, आणि नंदेसरी व पादरा रस्त्यावरच्या तीन कंपन्यांनी गुणवत्ता नियंत्रण विभागातल्या केमिस्टच्या जागेसाठी ‘तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात’ असे सांगून परत पाठवले. आता बायोडेटातून पीएच.डी.चा उल्लेखच काढून टाकावा का, असे तुम्ही विचारता. माझे उत्तर असे की उल्लेख काढू नये, पण तो जिथे आहे तिथून मात्र हलवावा.

हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. २०११ मध्ये आमचा कारखाना बंद पडला, तेव्हा मी विद्युत अभियांत्रिकीतला एम.ई. होतो आणि मकरपुऱ्यातल्या एका ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझरच्या जागेसाठी फक्त डिप्लोमा दाखवून गेलो होतो. (सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ज्या कलाभवनाची, म्हणजे आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागाची, सुरुवात हातांना हुन्नर शिकवण्यासाठी केली, तिथलीच पदवी मी हाताच्या कामासाठी लपवत होतो, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही.) मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलाच्या चाचणीबद्दल विचारले. इलेक्ट्रोडमधले अडीच मिलिमीटरचे अंतर, सहा वेळा विद्युतदाब वाढवून घेतलेले आकडे आणि त्यांची सरासरी, इथपर्यंत सगळे ठीक चालले होते. पण तेलात ॲसिटिलीन वायू सापडला तर आत ठिणगी पडते आहे आणि इथिलीन वाढला तर कुठेतरी भाग तापतो आहे, हे मी न विचारता सांगू लागलो. साहेबांनी पेन खाली ठेवले आणि शांतपणे विचारले, “भाऊ, खरे किती शिकला आहात?” मी खरे सांगितले. नोकरी मिळाली नाही. माझ्या शिक्षणाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पहिल्याच भेटीत लपवाछपवी केली, हे त्यांना खटकले होते. पुढे मी नोकरभरतीच्या कामात आलो आणि गेली बारा वर्षे टेबलाच्या पलीकडे बसतो आहे. त्या साहेबांचे काही चुकले होते, असे मला आज वाटत नाही.

तुमच्या बाबतीत लपवण्यात एक व्यवहारी अडचणही आहे. पीएच.डी. काढली की एम.एस्सी.नंतरची चार-पाच वर्षे रिकामी दिसू लागतात, आणि जास्त शिकलेल्या बाईपेक्षा पाच वर्षे कुठे होती हे सांगता न येणारी बाई कंपनीला अधिक संशयास्पद वाटते. त्या काळात तुम्ही एखाद्या महाविद्यालयात कंत्राटी नोकरी केली असेल आणि तिथे भविष्यनिर्वाह निधी कापला गेला असेल, तर तो यूएएन (भविष्यनिर्वाह निधीचा नोकरी बदलली तरी तोच राहणारा) क्रमांकाखाली नोंदलेला असतो. नव्या कंपनीने पडताळणी केली की तो समोर येतो. शिवाय औषध कारखान्यात चाचणी विभागाच्या तज्ज्ञ माणसांना औषध प्रशासनाची मान्यता घ्यावी लागते आणि त्यासाठी पदव्या व अनुभवाची प्रमाणपत्रे तपासली जातात. तिथे अर्धवट कागद दिले, तर कष्टाने मिळवलेला अनुभव मोजलाच जात नाही.

बायोडेटा आणि अर्जाचा छापील नमुना यांत मात्र फरक करायला हवा. बायोडेटा ही आपली स्वतःची मांडणी आहे. त्यात काय वर घ्यावे आणि काय एका ओळीत उरकावे हा आपला अधिकार आहे. छापील अर्जात ‘सर्व शैक्षणिक पात्रता लिहा’ असा रकाना असेल आणि खाली ‘वरील माहिती खरी व पूर्ण आहे’ यावर सही असेल, तर तिथे गाळणे म्हणजे खोटे बोलणेच होय. या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा एक निकाल आहे. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई पदाच्या जाहिरातीत उमेदवार पदवीधर नसावा अशी स्पष्ट अट होती. एका उमेदवाराने २०१४ मध्ये मिळवलेली पदवी लपवून अर्ज केला. ओरिसा उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. पात्रता काय असावी हे ठरवणे मालकाचे काम आहे आणि महत्त्वाची माहिती दडवणाऱ्याला नोकरीवर हक्क सांगता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्याआधी २००० मध्ये, नागपूरच्या जिल्हा न्यायालयातल्या भरतीच्या प्रकरणात, केवळ जास्त शिकलेला म्हणून उमेदवाराला बाद करणे सर्वोच्च न्यायालयालाच पटले नव्हते. म्हणजे जास्त शिक्षण हा काही गुन्हा नाही. दडवणे मात्र अंगलट येते.

आता हलवावे म्हणजे काय करावे? नावामागचे ‘डॉ.’ काढा, तो मान आहे, लिहिलाच पाहिजे असे काही नाही. शोधनिबंधांची यादी पूर्ण गाळा, कारण ती कोणी मागितलेली नाही. पीएच.डी. शिक्षणाच्या रकान्यात वर्षासह एका ओळीत राहू द्या, आणि त्या वर्षांचे वर्णन प्रबंधाच्या विषयाने न करता कामाने करा: एचपीएलसी आणि गॅस क्रोमॅटोग्राफी या नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रांवर रोजचे विश्लेषण, उपकरणांचे कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी), कनिष्ठ विद्यार्थ्यांना नमुने तयार करायला शिकवणे. वाचणाऱ्याला तुमचे मोठेपण दिसण्याआधी उपयोग दिसला पाहिजे.

‘ओव्हरक्वालिफाइड’ या शब्दाआड बहुधा तीन शंका असतात: ही सहा महिन्यांत निघून जाईल, जास्त पगार मागेल, आणि कमी शिकलेल्या साहेबांचे ऐकणार नाही. पहिल्या दोन शंका तुम्हीच दूर करा. बडोद्यातच का राहायचे आहे ते एका वाक्यात सांगा आणि पगाराचा आकडा विचारायच्या आत बोला. तो त्या जागेच्या बाजारभावाइतकाच ठेवा, त्याहून कमी नको, नाहीतर चौथी शंका निर्माण होईल.

तिसरी शंका बोलून जात नाही, ती कामाच्या शिस्तीतून घालवावी लागते. आमच्याकडे मी पीएच.डी. झालेल्या उमेदवारापुढे एक कोरे लॉगबुक सरकवतो आणि सांगतो की इथे ४.८२ च्या जागी चुकून ४.२८ लिहिले गेले, ते दुरुस्त करा. संशोधनातून आलेले बरेचजण आकडा गिरवतात किंवा पांढरी शाई मागतात. ज्याला कारखान्यातले काम ठाऊक आहे तो जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारतो, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि दुरुस्तीचे कारण लिहितो. तुम्हाला हे येत असेल तर बायोडेटाच्या पहिल्या चार ओळींत नोंदवहीची शिस्त आणि एसओपीनुसार (ठरवून दिलेल्या लेखी कार्यपद्धतीनुसार) काम केल्याचा उल्लेख घाला, आणि ज्या कंपनीने नकाराचे कारण निदान तोंडाने सांगितले, तिथे हा नवा बायोडेटा घेऊन पुन्हा एकदा फोन करा.